मुक्तस्रोत व्हर्च्युअलायझेशनवर लहान होस्टिंग व्यवसाय उभारताना

एक भक्कम सर्व्हर घ्यावा, त्याचे वीस-पंचवीस भाग पाडावेत आणि प्रत्येक भाग वेगळ्या ग्राहकाला स्वतंत्र संगणकासारखा भाड्याने द्यावा, एवढ्यावर लहान होस्टिंग व्यवसायाचे तंत्र उभे आहे. असे भाग पाडण्याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात; मूळ सर्व्हर म्हणजे होस्ट, आणि त्यावरील प्रत्येक भाग म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा गेस्ट. त्यासाठी लागणारे सर्व सॉफ्टवेअर मुक्तस्रोत स्वरूपात मिळते आणि ते बसवण्याचे काम एका दुपारीही होऊ शकते. कसोटी त्यानंतर लागते. डिस्क नादुरुस्त होते, एका ग्राहकाच्या कामामुळे बाकीच्यांची यंत्रे मंदावतात, कोणाच्या तरी मशीनमधून स्पॅम सुटते किंवा एखादा ग्राहक स्वतःच्या हाताने स्वतःचा डेटाबेस पुसून टाकतो. म्हणून या लेखातील प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नाला धरून घेतला आहे: हा सर्व्हर आज रात्री बंद पडला, तर ग्राहकाची माहिती किती वेळात परत मिळेल आणि ती किती जुनी असेल? ज्याच्याकडे या प्रश्नाचे मोजून काढलेले उत्तर आहे, त्याने खुशाल ग्राहक घ्यावेत.

आधी काय विकायचे ते ठरवावे

होस्टिंगचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात एकाच मशीनवर पॅनेल (ब्राउझरमधून चालणारे नियंत्रण सॉफ्टवेअर) बसवून अनेकांच्या वेबसाइट एकत्र ठेवल्या जातात. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाला संपूर्ण व्हर्च्युअल मशीन रूट अधिकारासह, म्हणजे संपूर्ण नियंत्रणासह, दिले जाते आणि आतील सर्व जबाबदारी त्याच्यावर सोपवली जाते. तिसऱ्या प्रकारात मशीन ग्राहकाचे असते, पण त्यातील अपडेट, बॅकअप आणि देखरेख आपण पाहतो.

नवख्या व्यावसायिकाने तिसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त व्हर्च्युअल मशीनच्या बाजारात मोठ्या कंपन्यांशी किमतीची स्पर्धा करता येत नाही, कारण त्यांची वीज, जागा आणि यंत्रे यांची खरेदी फार मोठ्या प्रमाणावर होत असते. शिवाय अनोळखी ग्राहकाला काही मिनिटांत रूट अधिकार देणारी स्वस्त सेवा सुरू होताच स्पॅम पाठवणारे आणि चोरीच्या कार्डाने पैसे भरणारे लोक तिथे सर्वांत आधी येतात, आणि त्यांना आवर घालण्यातच लहान चालकाची सारी शक्ती खर्ची पडते. याउलट ज्याला वेबसाइट किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवायचे आहे, पण सर्व्हर सांभाळायचा नाही, असा ग्राहक ओळखीच्या आणि फोन उचलणाऱ्या माणसाला योग्य मोबदला द्यायला तयार असतो.

सॉफ्टवेअरची निवड

लिनक्सच्या जगात व्हर्च्युअलायझेशनचा पाया म्हणजे केव्हीएम. २००७ च्या फेब्रुवारीत आलेल्या २.६.२० या कर्नल आवृत्तीपासून ते लिनक्स कर्नलचाच, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याचाच, भाग आहे. प्रोसेसरमध्ये असलेल्या इंटेलच्या व्हीटी-एक्स किंवा एएमडीच्या एएमडी-व्ही या सोयीचा उपयोग करून ते गेस्ट मशीनचे काम जवळजवळ मूळ वेगाने चालवते. डिस्क, नेटवर्क कार्ड, स्क्रीन इत्यादी उपकरणांचा आभास क्यूएमू हा प्रोग्राम निर्माण करतो. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आजही या क्षेत्राचा आधार आहे. केंब्रिज विद्यापीठातून त्याच सुमारास पुढे आलेला झेन हाही परिपक्व पर्याय असून त्यावर बेतलेले एक्ससीपी-एनजी अनेक ठिकाणी वापरले जाते.

केव्हीएम आणि क्यूएमू थेट हाताळणे शक्य असले, तरी व्यवसायासाठी वर एक व्यवस्थापनाचा थर हवा. एक मार्ग म्हणजे साध्या डेबियन लिनक्सवर लिबव्हर्ट हे व्यवस्थापनाचे साधन बसवून स्वतःच्या स्क्रिप्ट लिहिणे. दुसरा मार्ग म्हणजे प्रॉक्समॉक्स व्हीई. डेबियनवर आधारलेली ही प्रणाली २००८ पासून उपलब्ध आहे, एजीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली आहे आणि ब्राउझरमधून चालवता येते. व्हर्च्युअल मशीन, कंटेनर, साठवण, फायरवॉल, बॅकअप आणि क्लस्टर (अनेक सर्व्हरचा एकत्र चालणारा गट) या सर्व गोष्टी तिच्यात एकत्र मिळतात. पुढील विवेचन मी तीच गृहीत धरून केले आहे, मात्र त्यातील बहुतेक तत्त्वे इतरत्रही लागू पडतात. ओपनस्टॅक या मोठ्या क्लाउड प्रणालीचे नाव वाचकाने ऐकले असेल, पण ते सांभाळण्यासाठी स्वतंत्र मनुष्यबळ लागते आणि दोन-तीन सर्व्हरच्या व्यवसायाला ते पेलत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअलायझेशनचे मालकीचे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी विकत घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली आणि अनेक लहान पुरवठादारांना खर्चाचा हिशेब नव्याने मांडावा लागला. परवान्याच्या अटी एका रात्रीत बदलण्याचा हा धोका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी होतो, आणि माझ्या दृष्टीने फुकट मिळण्यापेक्षा हे कारण अधिक महत्त्वाचे आहे.

प्रॉक्समॉक्सच्या बाबतीत एक गोष्ट नवागताला गोंधळात टाकते. सॉफ्टवेअरची सर्व वैशिष्ट्ये वर्गणी न भरताही मिळतात, परंतु स्थापनेनंतर वर्गणीदारांसाठीचे पॅकेज भांडार आधीच चालू असते आणि वर्गणी नसल्यास अपडेट करताना त्रुटी येते. अशा वेळी विनावर्गणी भांडार निवडावे लागते. त्यातील पॅकेजेसची चाचणी तुलनेने कमी झालेली असते, म्हणून शिकताना आणि चाचणीसाठी ते ठीक आहे. पैसे देणारे ग्राहक आल्यावर मात्र वर्गणीचा खर्च व्यवसायाचा नेहमीचा खर्च मानावा.

व्हर्च्युअल मशीन द्यायचे की एलएक्ससी कंटेनर, हा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. कंटेनर हलके असतात, पण ते सर्व एकच कर्नल वापरतात. त्या कर्नलमध्ये एखादी त्रुटी निघाली की एका कंटेनरमधून संपूर्ण होस्टवर ताबा मिळण्याची वाट उघडते. म्हणून ज्याला रूट अधिकार द्यायचा आहे अशा प्रत्येक ग्राहकाला पूर्ण व्हर्च्युअल मशीन द्यावे आणि कंटेनर स्वतःच्या अंतर्गत कामांसाठी राखून ठेवावेत.

यंत्र आणि त्यातील जागेचा हिशेब

पहिला सर्व्हर विकत घेण्याऐवजी एखाद्या डेटा सेंटरमधून भाड्याने घ्यावा. वीज, थंडावा, जोडणी आणि बिघडलेला भाग बदलण्याची सोय ही सर्व कामे त्यामुळे आपल्या अंगावर पडत नाहीत. घरातील किंवा कार्यालयातील ब्रॉडबँड जोडणीवर इतरांच्या सेवा चालवू नयेत.

व्हर्च्युअलायझेशनमध्ये सहसा सर्वांत आधी मेमरी संपते, प्रोसेसर नाही. समजा सर्व्हरमध्ये १२८ जीबी मेमरी आहे. त्यातील सहा ते आठ जीबी होस्टच्या स्वतःच्या कामासाठी सोडावी लागते. साठवणुकीसाठी झेडएफएस हे साठवण तंत्र वापरल्यास त्याच्या कॅशला आणखी मेमरी लागते. प्रॉक्समॉक्सच्या ८.१ आवृत्तीपासून नव्या स्थापनेत ही कॅश एकूण मेमरीच्या १० टक्के, आणि जास्तीत जास्त १६ जीबी, एवढ्यावर मर्यादित केलेली असते. त्याआधीच्या स्थापनेत ती निम्म्या मेमरीपर्यंत वाढू शकत असे. क्यूएमूच्या प्रत्येक मशीनमागे थोडा जादा खर्च असतो. हे सर्व वजा केल्यावर साधारण १०० जीबी विकण्याजोगी उरते, म्हणजे ४ जीबीची २५ मशीन. पण दोन सर्व्हर असतील आणि एक बंद पडल्यास सर्व ग्राहक दुसऱ्यावर हलवायचे असतील, तर प्रत्येक सर्व्हर निम्माच भरता येतो. दर ठरवताना ही रिकामी ठेवलेली निम्मी जागा खर्चात धरली नाही, तर व्यवसाय कागदावर फायद्यात दिसतो आणि पहिल्या मोठ्या बिघाडात उघडा पडतो.

मेमरी ईसीसी प्रकारची, म्हणजे स्वतःतील चुका ओळखून सुधारणारी, असावी. डिस्क किमान दोन असाव्यात आणि त्या सर्व्हरसाठी बनवलेल्या, वीज अचानक गेल्यास हातातील लेखन पूर्ण करण्याची सोय असलेल्या एसएसडी असाव्यात. ही सोय नसलेल्या घरगुती वापराच्या एसएसडीवर डेटाबेससारख्या कामांतील सक्तीचे तत्काळ लेखन फार मंदावते आणि सतत लिहिण्यामुळे त्यांचे आयुष्यही लवकर संपते. भाड्याच्या सर्व्हरच्या जाहिरातीत केवळ ‘एसएसडी’ असे लिहिलेले असेल, तर नेमके मॉडेल विचारून घ्यावे. सर्व्हरला दूरनियंत्रणाची सोय, म्हणजे आयपीएमआय, असेल तर ती सार्वजनिक इंटरनेटवर कधीही उघडी ठेवू नये.

साठवण

एकाच सर्व्हरवरच्या व्यवसायासाठी मी झेडएफएसची शिफारस करतो. प्रत्येक ब्लॉकची चेकसम (पडताळणीचा आकडा) ते सांभाळते, त्यामुळे डिस्कने गुपचूप चुकीची माहिती दिली तरी ती ओळखली जाते आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त होते. स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, काही क्षणांत घेता येतात. डिस्कची मांडणी मिरर पद्धतीने, म्हणजे दोन डिस्कवर तीच माहिती ठेवून, करावी. जागा वाचते म्हणून रेडझेड ही माहिती अनेक डिस्कवर विखरून ठेवणारी मांडणी निवडण्याचा मोह अनेकांना होतो, पण व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कवर लहान-लहान, विखुरलेले वाचन-लेखन होत असते आणि त्या कामात रेडझेड मागे पडते. शिवाय लहान ब्लॉकमुळे अपेक्षित बचतीचा बराच भाग वाया जातो. झेडएफएस हार्डवेअर रेड कंट्रोलरवर (डिस्कचा गट स्वतः सांभाळणाऱ्या कार्डावर) चढवू नये. डिस्क त्याला थेट दिसल्या पाहिजेत. पूल, म्हणजे डिस्कची एकत्रित जागा, ८० टक्क्यांपेक्षा अधिक भरू देऊ नये आणि महिन्यातून एकदा सर्व माहिती वाचून तपासणारे स्क्रब चालते आहे याची खात्री करावी.

मेमरी कमी असल्यास एलव्हीएम-थिन हा हलका पर्याय आहे. त्यात प्रत्यक्ष जागेपेक्षा जास्त जागा वाटता येते, आणि धोकाही तिथेच आहे. २ टीबीच्या पूलमधून ३ टीबीच्या डिस्क वाटल्या आणि ग्राहकांनी त्या खरोखरच भरल्या, तर पूल संपण्याच्या क्षणी सर्वांचेच लेखन थांबते आणि निष्पाप ग्राहकांच्या फाइल सिस्टिमही बिघडू शकतात. गेस्टमध्ये पुसलेली जागा पूलला परत मिळावी म्हणून डिस्कवर डिस्कार्डचा पर्याय सुरू ठेवावा, आणि पूल ७५ टक्के भरताच सूचना येईल अशी व्यवस्था करावी.

सेफ हे अनेक सर्व्हरवर पसरलेले साठवण तंत्र उत्तम आहे, परंतु त्याला किमान तीन सर्व्हर आणि वेगवान अंतर्गत नेटवर्क हवे. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये.

स्थापना

स्थापनेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. प्रोसेसरमधील व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये सुरू आहे हे पाहावे, इन्स्टॉलरमध्ये दोन डिस्क निवडून झेडएफएस मिरर करावा, कायमचा पत्ता आणि पूर्ण होस्टनेम द्यावे. त्यानंतर लगेच ८००६ हे व्यवस्थापनाचे पोर्ट सार्वजनिक इंटरनेटवरून बंद करून ते वायरगार्डसारख्या व्हीपीएनमागे ठेवावे, एसएसएचने होणारा दूरस्थ प्रवेश केवळ किल्लीने चालेल असे करावे आणि वेब प्रवेशावर दोन टप्प्यांची ओळखतपासणी लावावी. होस्टवर दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर बसवू नये. मेल सर्व्हर, वेबसाइट, देखरेखीची साधने या सर्वांना वेगळी मशीन द्यावीत.

नेटवर्क

नवखे लोक सर्वाधिक वेळ इथेच अडकतात. प्रॉक्समॉक्समध्ये डीफॉल्ट मांडणी ब्रिजची असते, म्हणजे प्रत्येक व्हर्च्युअल मशीन स्वतःच्या मॅक पत्त्यासह (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकासह) थेट नेटवर्कवर दिसते. स्वतःच्या स्विचवर ही मांडणी उत्तम चालते. परंतु भाड्याचे सर्व्हर देणारी अनेक डेटा सेंटरे एका पोर्टवर फक्त नोंदवलेला मॅक पत्ताच स्वीकारतात, आणि अनोळखी मॅक दिसताच सर्व्हरचे नेटवर्क बंद करतात. तिथे एकतर पुरवठादाराकडून प्रत्येक आयपीसाठी नोंदवलेला व्हर्च्युअल मॅक घ्यावा, किंवा ब्रिजऐवजी रूटिंगची मांडणी करावी, जिच्यात सर्व रहदारी होस्टच्याच मॅकवरून जाते. सर्व्हर घेण्यापूर्वी पुरवठादाराचे या विषयावरचे धोरण वाचून घ्यावे.

आयपीव्ही४ पत्ते आता दुर्मीळ आहेत. जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. स्वतःच्या नावाने पत्ते जाहीर करायचे, तर इंटरनेटवर सर्वत्र स्वीकारला जाणारा सर्वांत लहान गट २५६ पत्त्यांचा असतो. म्हणून सुरुवातीला डेटा सेंटरकडूनच पत्ते भाड्याने घ्यावेत आणि प्रत्येक पत्त्याचे भाडे ग्राहकाच्या दरात स्पष्ट दाखवावे. आयपीव्ही६ मात्र भरपूर आहे, तेव्हा प्रत्येक ग्राहकाला पूर्ण /६४ गट द्यावा.

फायरवॉलमधील आयपी फिल्टर आणि मॅक फिल्टर प्रत्येक मशीनवर सुरू असले पाहिजेत. ते नसतील, तर एखादा ग्राहक आपल्या मशीनमध्ये शेजाऱ्याचा पत्ता टाकून त्याची रहदारी स्वतःकडे वळवू शकतो, मग तो हेतुपुरस्सर असो वा अनवधानाने. बाहेर जाणारे पोर्ट २५, ज्यावरून मेल जाते, सर्वांसाठी बंद ठेवावे आणि मेलची खरी गरज असलेल्या ग्राहकाने विचारल्यावर, रिव्हर्स डीएनएस, एसपीएफ आणि डीकेआयएम या मेल पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदी झाल्यानंतरच उघडावे. एका मशीनमधून स्पॅम गेले की काळ्या यादीत कधीकधी संपूर्ण गट जातो, आणि ज्यांचा काही दोष नाही अशा ग्राहकांचीही पत्रे पोहोचेनाशी होतात.

टेम्प्लेट

प्रत्येक ग्राहकासाठी हाताने मशीन बसवण्याऐवजी डेबियन, उबंटू, अल्मालिनक्स इत्यादींच्या अधिकृत क्लाउड प्रतिमा घेऊन टेम्प्लेट तयार करावे. क्लाउड-इनिट हे त्यांतील साधन पहिल्या बूटच्या वेळी होस्टनेम, पत्ता आणि ग्राहकाची एसएसएच किल्ली आत टाकते. टेम्प्लेट स्वतः तयार केल्यास त्यातील एसएसएचच्या होस्ट किल्ल्या आणि मशीन-आयडी पुसलेले असल्याची खात्री करावी, अन्यथा सर्व ग्राहकांच्या मशीनची ओळख एकच होते. डिस्क आणि नेटवर्क व्हर्टआयओ या वेगवान व्हर्च्युअल उपकरणांच्या प्रकारचे ठेवावे आणि गेस्ट एजंट, म्हणजे होस्टशी संवाद साधणारा गेस्टमधील प्रोग्राम, बसवावा. विंडोज द्यायचे असेल तर व्हर्टआयओचे ड्रायव्हर वेगळे बसवावे लागतात, आणि परवान्याच्या बाबतीत सामान्य खरेदी पुरत नाही. भाड्याने देण्यासाठी सेवा पुरवठादारांसाठीचा वेगळा करार आवश्यक असतो.

किती वाटावे

विकलेल्या आणि प्रत्यक्ष असलेल्या संसाधनांतील फरकावरच होस्टिंगचा नफा बऱ्याच अंशी ठरतो. प्रत्येक संसाधनाचा स्वभाव मात्र वेगळा आहे. प्रोसेसर वाटून वापरता येतो, कारण बहुतेक वेबसाइट दिवसाचा बराच काळ शांत असतात. एका प्रत्यक्ष कोअरमागे तीन-चार व्हर्च्युअल कोअर देणे सहसा चालते, पण हा आकडा अंदाजाने ठरवण्यापेक्षा गेस्टमध्ये दिसणाऱ्या ‘स्टील’ वेळेवर लक्ष ठेवावे. मशीनला प्रोसेसर हवा होता पण मिळाला नाही, असा हा वेळ असतो, आणि तो सतत काही टक्क्यांवर राहिला तर त्या सर्व्हरवर नवा ग्राहक घेणे थांबवावे.

मेमरी कधीही जास्तीची विकू नये. होस्टची मेमरी संपली की कर्नल सर्वांत मोठी प्रक्रिया शोधून बंद करतो, आणि होस्टवर सर्वांत मोठी प्रक्रिया म्हणजे बहुधा सर्वांत जास्त पैसे देणाऱ्या ग्राहकाचे मशीन. समान मेमरी पाने एकत्र करणारी केएसएम ही सोयही परस्परांना अनोळखी ग्राहकांच्या बाबतीत बंद ठेवावी, कारण तिच्या वेळेतील सूक्ष्म फरकांवरून शेजारच्या मशीनमध्ये काय आहे याचा अंदाज बांधण्याचे हल्ले शक्य आहेत.

डिस्कच्या वेगाकडे नवे चालक दुर्लक्ष करतात. एका ग्राहकाने रात्री मोठी फाइल संकुचित करायला घेतली की सर्वांच्या वेबसाइट मंदावतात आणि कारण कोणाच्याच मशीनमध्ये दिसत नाही. म्हणून प्रत्येक डिस्कवर प्रतिसेकंद वाचन-लेखनाची मर्यादा आणि प्रत्येक नेटवर्क कार्डवर वेगाची मर्यादा पहिल्याच दिवशी टेम्प्लेटमध्ये घालून ठेवावी. आधी मोकळे दिलेले नंतर मर्यादित केले तर ग्राहकाला ती फसवणूक वाटते.

बॅकअप

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे आणि मिररही बॅकअप नव्हे, कारण दोन्ही त्याच यंत्रात राहतात. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत जळून गेली आणि बॅकअपही त्याच परिसरात ठेवलेल्या अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. त्यामुळे किमान एक प्रत दुसऱ्या इमारतीत, आणि शक्य असल्यास दुसऱ्या पुरवठादाराकडे, असली पाहिजे.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे मुक्तस्रोत साधन या कामासाठी अतिशय सोयीचे आहे. पहिल्या पूर्ण प्रतीनंतर ते फक्त बदललेले भाग पाठवते, सारखे भाग एकदाच साठवते आणि माहिती होस्टवरच कूटबद्ध करून बाहेर पाठवू शकते. कूटबद्धतेची किल्ली हरवली तर सर्व बॅकअप निरुपयोगी होतात, म्हणून ती कागदावर छापून सर्व्हरपासून दूर ठेवावी. होस्टला बॅकअप सर्व्हरवर फक्त नवी प्रत लिहिण्याची परवानगी द्यावी, जुन्या प्रती पुसण्याची देऊ नये. होस्टवर कोणी ताबा मिळवून माहिती कूटबद्ध केली आणि त्याच अधिकाराने बॅकअपही पुसता आले, तर बॅकअप असून नसल्यासारखाच. दुसऱ्या ठिकाणच्या बॅकअप सर्व्हरने पहिल्याकडून प्रती स्वतः ओढून घ्याव्यात, ही रचना सर्वांत सुरक्षित आहे.

गेस्ट एजंट सुरू असला, तर बॅकअपच्या क्षणी फाइल सिस्टिम थोडा वेळ गोठवली जाते आणि प्रत सुसंगत मिळते. तरीही डेटाबेस असलेल्या मशीनमध्ये रोज डेटाबेसचा एक वेगळा डंपही (फाइलमध्ये काढलेली प्रत) घ्यावा, कारण ग्राहकाला पुष्कळदा संपूर्ण मशीन नको असते; काल दुपारचा एकच तक्ता हवा असतो.

आता परत मिळवण्याचा वेळ मोजावा. १ टीबी माहिती १ गिगाबिटच्या जोडणीवरून पूर्ण वेगाने आणली, तरी दोन तास तेरा मिनिटे लागतात; १०० मेगाबिटवर हाच वेळ बावीस तासांच्या पुढे जातो, आणि प्रत्यक्षात पूर्ण वेग क्वचितच मिळतो. ग्राहकाला चार तासांचे आश्वासन देऊन बॅकअप संथ जोडणीमागे ठेवणे म्हणजे पाळता येणार नाही असे वचन देणे होय. म्हणून अलीकडची एक प्रत जवळ आणि वेगवान जोडणीवर, व जुन्या प्रती दूर, अशी दुहेरी मांडणी करावी.

दर महिन्याला एक मशीन निवडून ते खरोखर परत उभे करावे. अशा वेळी सुरू करण्याआधी त्याचे नेटवर्क तोडावे, हे विसरू नये. ते तसेच सुरू झाले, तर एकाच पत्त्याची दोन मशीन नेटवर्कवर येतात, आणि प्रतीमधील ठरावीक वेळची कामे जागी होऊन ग्राहकाच्या ग्राहकांना तीच देयके किंवा पत्रे पुन्हा पाठवली जाऊ शकतात. मशीन उभे राहिल्यावर लॉगिन करून डेटाबेस उघडावा, ताजी नोंद दिसते का ते पाहावे आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर या वहीत असते, आणि ग्राहकाच्या करारात हाच आकडा जावा.

अपडेट आणि दुसरा सर्व्हर

२०१५ मध्ये क्यूएमूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या आभासात व्हेनम नावाची त्रुटी सापडली, जिच्यामुळे गेस्टमधून होस्टवर पोहोचणे शक्य होत होते. फ्लॉपी कोणी वापरत नसतानाही ते कोड सर्वत्र होते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर जाहीर झाले आणि प्रोसेसरच्याच रचनेतील दोष पुढे आला. अशा वेळी नवा कर्नल घेऊन होस्ट रीबूट करण्याला पर्याय नसतो. एकच सर्व्हर असेल तर सर्व ग्राहक काही मिनिटे बंद राहतात, म्हणून देखभालीची वेळ करारातच लिहावी आणि तातडीच्या दुरुस्तीचा अधिकार राखून ठेवावा.

दुसरा सर्व्हर आला की मशीन चालू असतानाच दुसरीकडे हलवता येतात. त्यासाठी दोन्हींचे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असल्यास मशीनला ‘होस्ट’ प्रकारचा प्रोसेसर न देता दोघांनाही समजणारा सामाईक प्रकार द्यावा. झेडएफएस असेल तर डिस्कची प्रत ठरावीक अंतराने दुसऱ्या सर्व्हरवर पाठवता येते. हे अंतर डीफॉल्ट पंधरा मिनिटांचे असते आणि एका मिनिटापर्यंत खाली आणता येते. सर्व्हर अचानक गेला तर शेवटच्या प्रतीनंतरचे बदल हरवतात, हे ग्राहकाला आधीच सांगावे. दोन सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये आणखी एक अडचण आहे: एक बंद पडताच उरलेल्याकडे बहुमत राहत नाही आणि तो व्यवस्थापनाचे बदल नाकारतो. त्यावर उपाय म्हणून एखाद्या लहानशा तिसऱ्या यंत्रावर फक्त मत देणारे क्यूडिव्हाइस बसवावे.

देखरेख

झॅबिक्स किंवा प्रोमिथिअस या देखरेखीच्या साधनांपैकी जे आवडेल ते घ्यावे, पण ते ग्राहकांच्या सर्व्हरवर ठेवू नये. सर्व्हरबरोबर देखरेखही बंद पडली तर बातमी ग्राहकाकडून कळते. डिस्कची स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते ती), झेडएफएस पूलची स्थिती, पूलमधील उरलेली जागा, मेमरी, स्टील वेळ आणि काल रात्रीचा बॅकअप यशस्वी झाला की नाही, एवढ्यावर सूचना लावल्या तरी बहुतेक संकटे आधी कळतात. यांपैकी बॅकअपची सूचना उलट पद्धतीने लावावी: अपयश आले तर कळवा असे न ठेवता, यशाचा निरोप ठरल्या वेळेत आला नाही तर कळवा, असे ठेवावे. जे काम सुरूच झाले नाही ते अपयशही कळवत नाही.

करार आणि ग्राहक

९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे महिन्याला साधारण ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. एका सर्व्हरवर चालणाऱ्या व्यवसायात एक बिघडलेला पॉवर सप्लाय बदलण्यातच ती संपू शकते, तेव्हा हा आकडा इतरांच्या जाहिरातीतून उचलू नये. करारात बॅकअप किती दिवसांचा ठेवला जातो, तो कोणाच्या जबाबदारीवर आहे, थकबाकी राहिल्यास मशीन किती दिवसांनी बंद होईल आणि माहिती किती दिवसांनी पुसली जाईल, आणि ग्राहक सोडून जाताना त्याला डिस्कची प्रत कशी मिळेल, हे साध्या भाषेत लिहावे. गैरवापराच्या तक्रारींसाठी वेगळा मेल पत्ता ठेवून तो रोज वाचावा. डेटा सेंटर अशा तक्रारींना ठरावीक मुदतीत उत्तर मागते आणि न मिळाल्यास संपूर्ण सर्व्हर बंद करू शकते. वैयक्तिक माहिती आणि नोंदी जपण्याबाबतचे नियम देशागणिक वेगळे असल्याने आपल्या देशातील कायदा जाणकाराकडून समजून घ्यावा.

देयकांसाठी फॉसबिलिंगसारखे मुक्तस्रोत साधन आहे, परंतु पहिल्या पंधरा-वीस ग्राहकांचे हिशेब साध्या तक्त्यातही नीट राहतात. ग्राहकाला स्वतःचे मशीन सुरू-बंद करण्याची सोय द्यायची असल्यास प्रॉक्समॉक्समध्ये फक्त त्या मशीनपुरता मर्यादित अधिकार असलेले खाते काढता येते. मात्र त्यासाठी व्यवस्थापनाचे पोर्ट उघडावे लागणार असेल, तर एपीआय टोकन (प्रोग्रामला दिलेली प्रवेशाची किल्ली) वापरणारे छोटे पॅनेल मध्ये ठेवणे बरे.

सुरुवात स्वतःच्या वेबसाइट आणि मेलने करावी आणि निदान एक-दोन महिने त्या याच सर्व्हरवर चालवाव्यात. त्या काळात एकदा मुद्दाम एक डिस्क काढून बदलावी आणि एकदा संपूर्ण होस्ट नव्याने बसवून सर्व मशीन बॅकअपवरून उभी करावीत. प्रत्येक कृती क्रमवार लिहून ती वही अशा दुसऱ्या व्यक्तीला द्यावी, जी आपण आजारी असताना किंवा प्रवासात असताना काम पाहू शकेल, आणि तिच्याकडून एक मशीन केवळ त्या लेखी सूचनांवरून उभे करून घ्यावे. जिथे ती अडखळेल तिथे सूचना सुधाराव्यात. त्यानंतर ओळखीचे दोन-तीन ग्राहक घ्यावेत, पूर्ण एक महिना मोजमापे पाहावीत आणि मग पुढचे. पहिल्या सर्व्हरची विकण्याजोगी मेमरी निम्मी भरताच दुसऱ्या सर्व्हरची मागणी नोंदवावी, कारण तो हाती येऊन, तपासून आणि क्लस्टरमध्ये जोडून होईपर्यंत नवे ग्राहक येतच राहणार असतात.